तिवरं लावण्याआधी खाडीचं पाणी मोकळं करा

कांदळवन, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलातली तिवरांसारख्या झाडांची राई, वाढवायचं म्हटलं की लोक थेट रोपांकडे धावतात. खाडीकाठी पूर्वी तिवरं होती नि आता नाहीत, तर आधी विचारायचं: ती गेली कशाने? नुसती तोडली असतील तर आसपासच्या झाडांचं बी भरतीबरोबर येतं आणि बरेचदा आपसूक रुजतं. भरावाने किंवा रस्त्याखालची मोरी बुजल्याने गेली असतील, तर शेकडो रोपं लावूनही ती मरतील.

म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला एकदा आणि अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती सगळ्यात कमी चढते तेव्हा, एकदा त्या जागी जाऊन उभे राहा. पाणी कुठवर चढतं, कुठे अडतं, ओहोटीनंतर कुठे डबकं उरतं, तिथे काठ्या रोवा. तिवराची मुळं श्वासासाठी चिखलाबाहेर डोकं काढतात. ओहोटीला ती उघडी पडली नाहीत तर झाड गुदमरतं. खरं काम इथेच आहे: बुजलेली मोरी साफ करणं, छोटा चर काढून डबकं पुन्हा खाडीला जोडणं.

मात्र फावडं उचलण्याआधी ग्रामपंचायत आणि वनविभागाचा कांदळवन कक्ष, दोघांनाही विचारा. ही जागा सीआरझेडमध्ये (किनारी नियमन क्षेत्रात) येते, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण आहे. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या खारबांधाच्या उघाडीला (पाणी सोडायच्या झडपेला) तर हातच लावू नका. आत कुणाची तरी भातशेती असते.

एवढं करूनही बी येत नसेल तरच लागवड. शेजारी त्याच उंचीवर जे झाड उभं आहे, तेच लावायचं: खाडीच्या तोंडाकडे पांढरी चिप्पी (२०२० पासून राज्याचा कांदळवृक्ष), मऊ चिखलात कांदळ, खाडीच्या वरच्या अंगाला गोडं पाणी मिसळतं तिथे काजळा किंवा हुरा. हुऱ्याचा चीक डोळ्यांना घातक, सांभाळून.

कांदळ सगळ्यात सोपा. त्याचं बी झाडावरच रुजून लांब शेंगेसारखं लोंबतं. पावसाळ्यात हलक्या ओढीने सुटेल तेवढंच घ्या. ओरबाडलेलं कोवळं रुजत नाही. ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवून दोन-तीन दिवसांत लावा. टोकदार बाजू खाली, साधारण एक तृतीयांश चिखलात, दोन रोपांत दीडेक मीटर. भांगाचे दिवस निवडा, म्हणजे उधाणाच्या ओढीने ती उपटणार नाहीत.

बायका जिथे तिसऱ्या-कालवं काढतात तो उघडा चिखलाचा पट्टा आणि वाळूची पुळण लागवडीतून सोडा. पुळणीवर मर्यादवेल असेल तर ती तशीच राहू द्या, वाळू धरायला तीच हवी.

पहिलं वर्षभर उधाणानंतर चक्कर मारून रोपांत अडकलेलं प्लास्टिक आणि जाळ्यांचे तुकडे काढा. म्हशींना तिवराचा पाला फार आवडतो. गुराख्यांशी लागवडीआधीच बोलून ठेवा.