पोलाद कंपनीचा तिमाही निकाल कसा वाचायचा: आधी टन, नफा शेवटी

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या वेल्ड करणाऱ्याला पोलाद कंपनीचा निकाल एका कारणासाठी लागतो, तर निवृत्तीच्या पैशांतून चार शेअर घेऊन दांडिया बाजारात बसलेल्याला दुसऱ्याच. एकाला पुढच्या दोन महिन्यांचा पत्रा आत्ताच भरायचा की थांबायचं हे ठरवायचं असतं, दुसऱ्याला शेअर ठेवायचा की काढायचा. वाचायची रीत दोघांची एकच. आणि दोघेही बहुतेक वेळा चुकीच्या टोकाला हात घालतात, ते म्हणजे बातमीच्या मथळ्यातला निव्वळ नफा.

पोलादात हा आकडा सगळ्यात फसवा. घसारा, व्याज, डॉलरच्या कर्जाचं फेरमूल्यांकन, मागच्या वर्षांचा कर आणि एखाद्या परदेशी कारखान्याची एकदाच होणारी निर्लेखनं, हे सगळं पचवून तो खाली उतरतो. जुलै-सप्टेंबर २०२३ चं टाटा स्टीलचं उदाहरण घ्या. एकत्रित हिशेबात साडेसहा हजार कोटींच्या आसपास तोटा दिसला. त्यामागे मुख्यतः ब्रिटनमधल्या कारखान्यांचं मूल्य खाली आणणं आणि तिथल्या फेररचनेची तरतूद होती. भारतातले कारखाने तेव्हाही पैसा कमावत होते. मथळा वाचून शेअर विकणाऱ्याने ब्रिटनमधल्या पोर्ट टॅलबॉटचा राग जमशेदपूरवर काढला.

कागद कोणते आणि कधी

तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल शेअर बाजाराला कळवावा लागतो. मार्चच्या, म्हणजे वर्षाच्या निकालाला ६० दिवस मिळतात. बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावापुढे तीन कागद मिळतात: निकालाचा तक्ता, प्रसिद्धिपत्रक आणि गुंतवणूकदारांसाठीचं सादरीकरण. तिन्ही उतरवून घ्या. तक्त्यात रुपये असतात, टन नसतात. टन मिळतात ते बाकीच्या दोन कागदांत. टाटा स्टीलसारख्या कंपन्या तर उत्पादन आणि विक्रीचे टन तिमाही संपल्यावर आठ-दहा दिवसांतच कळवून टाकतात, त्यामुळे निम्मं गणित निकालाच्या आधीच मांडता येतं.

सुरतजवळच्या हजिऱ्याचा एएम/एनएस इंडिया कंपनीचा पोलाद कारखाना वडोदऱ्यापासून दीड-पावणेदोनशे किलोमीटरवर. इथल्या कित्येक शेडमधला पत्रा तिथूनच येतो, पण ती कंपनी भारतीय शेअर बाजारात नोंदलेली नाही. आर्सेलरमित्तलचा ६० टक्के आणि निप्पॉन स्टीलचा ४० टक्के वाटा असलेला हा संयुक्त उद्योग आहे. त्याचे आकडे हवे असतील तर लक्झेंबर्गला मुख्यालय असलेल्या आर्सेलरमित्तलच्या तिमाही निकालात भारताचा वेगळा परिच्छेद शोधा. तिथे वर्ष जानेवारीला सुरू होतं. त्यांची पहिली तिमाही म्हणजे आपली चौथी, हे विसरलात तर तुलना पार उलटी बसते.

टनामागे किती

तक्ता एकल (फक्त मूळ कंपनीचा) आणि एकत्रित (उपकंपन्या धरून) असा दोनदा छापलेला असतो. भारतातल्या भावाचा अंदाज घ्यायचा असेल तर एकल तक्ता घ्या. कर्जाचा बोजा बघायचा असेल तर एकत्रित. टन मात्र ज्या तक्त्याचे रुपये त्याच तक्त्याचे घ्या. एकलचे रुपये आणि एकत्रितचे टन यांचा भागाकार करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

एबिट्डा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा होण्याआधीची कमाई, अशी ओळ तक्त्यात बहुधा नसते, ती आपण काढायची. करपूर्व नफा घ्या. त्यात व्याज आणि घसारा मिळवा, ‘इतर उत्पन्न’ वजा करा आणि अपवादात्मक बाबींचा परिणाम बाजूला काढा. इतर उत्पन्न म्हणजे ठेवींचं व्याज, लाभांश वगैरे. भट्टीतून ते निघत नाही, म्हणून गणितातही नको.

मग भागाकार. कोटी रुपयांना लाख टनांनी भागून १०० ने गुणलं की टनामागचे रुपये मिळतात. समजा, विक्री १२,००० कोटींची आणि २० लाख टनांची झाली, तर टनाला ६०,००० रुपये मिळाले, ही टनामागची प्राप्ती. एबिट्डा २,००० कोटी असेल तर टनामागे १०,००० उरले, ही टनामागची कमाई. सादरीकरणात ‘मिलियन टन’ लिहिलेलं असेल तर एक मिलियन म्हणजे १० लाख. आणि भागायचं ते विक्रीच्या टनांनी, कच्च्या पोलादाच्या उत्पादनाने नाही. भट्टीतून निघालेल्या कच्च्या पोलादाचा पत्रा होईपर्यंत काही भाग कापण्यात जातो आणि काही आवारात पडून राहतो.

मागच्या तिमाहीशी तुलना करताना ऋतू ध्यानात ठेवा. पावसाळ्यात बांधकाम थंडावतं म्हणून जुलै-सप्टेंबर सहसा सुस्त, आणि वर्षअखेरीला माल हलवायचा म्हणून जानेवारी-मार्च सगळ्यात भरघोस. टनांची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा, टनामागच्या कमाईची मात्र लगतच्या तिमाहीशी. टन वाढले की स्थिर खर्च वाटला जातो, हेही लक्षात घ्या. पगार, देखभाल वगैरे मिळून २,४०० कोटी असतील तर २० लाख टनांवर ते टनाला १२,००० पडतात, २२ लाखांवर साधारण १०,९००. भाव एक पैसा न वाढताही टनामागे अकराशे रुपये सुटले. मार्चच्या निकालाने हुरळून जाणाऱ्यांनी हे आधी वजा करावं.

कोळसा उशिरा पोचतो

टनामागची कमाई का हलली, हे शोधणं हेच खरं काम. झोतभट्टीच्या (ब्लास्ट फर्नेसच्या) मार्गाने एक टन कच्चं पोलाद करायला जगाच्या सरासरीने सुमारे १.४ टन लोहखनिज, ०.८ टन कोकिंग कोळसा (ज्याचा भट्टीसाठी कोक होतो तो) आणि पाव टनाहून थोडी जास्त चुनखडी लागते. आपल्याकडे खनिज त्याहून थोडं जास्तच धरा. भारताजवळ खनिज भरपूर आहे, पण चांगला कोकिंग कोळसा नाही. तो बहुतांशी आयात होतो, आणि त्यात ऑस्ट्रेलियाचा वाटा मोठा.

हा कोळसा क्वीन्सलँडच्या बंदरात घेतला की जहाजाने पारादीप, धामरा किंवा विशाखापट्टणमला येतो, तिथे ढिगात पडतो, मग रेल्वेने कारखान्यात, मग कोक भट्टीत. हिशेबाच्या वहीत तो खर्च म्हणून चढतो खरेदीनंतर दीड ते तीन महिन्यांनी. पत्र्याचा भाव मात्र त्याच आठवड्यात हलतो. पोलाद कंपन्यांच्या बहुतेक ‘आश्चर्यकारक’ निकालांचं मूळ या अंतरात असतं.

मार्च २०२२ मध्ये उच्च प्रतीच्या कोकिंग कोळशाने टनाला ६०० डॉलर ओलांडले होते. तो महागडा कोळसा जून आणि सप्टेंबरच्या तिमाहीत भट्टीत पडला. तेवढ्यात २२ मे २०२२ पासून सरकारने पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं आणि देशातला भाव उतरला. खर्च शिखरावरचा आणि विक्री उतारावरची, अशी कात्री लागली. शुल्क नोव्हेंबरमध्ये मागे घेतलं. उलटी चाल २०२४ मध्ये दिसली. वर्षाच्या सुरुवातीला ३०० डॉलरच्या वर असलेला कोळसा २०२५ उजाडल्यावर २०० च्या खाली आला.

हिशेब सोपा आहे. कोळसा २० डॉलरनी उतरला तर पोलादाच्या टनाला ०.८ पट, म्हणजे १६ डॉलर वाचतात. डॉलर ८६ रुपये धरला तर चौदाशे रुपयांच्या आसपास. निकालानंतरच्या चर्चेत व्यवस्थापन ‘पुढच्या तिमाहीत कोळसा अमुक डॉलरनी स्वस्त पडेल’ असं बहुधा सांगतंच. सगळ्या कागदांतलं सर्वांत उपयोगी वाक्य तेच. ते लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी ताडून पाहा.

खनिजाची गोष्ट थोडक्यात. टाटा स्टील आणि सरकारी कंपनी सेल यांच्या स्वतःच्या खाणी आहेत. ज्यांना खनिज विकत घ्यावं लागतं किंवा ज्यांनी लिलावात मोठा प्रीमियम कबूल करून खाण घेतली, त्यांना एनएमडीसी या सरकारी खाण कंपनीने भाव बदलला की कळ लागते. पोलादाच्या तेजीत हा फरक झाकला जातो, मंदीत उघडा पडतो. टाटा स्टीलच्या जुन्या खाणींचे पट्टे मार्च २०३० पर्यंतचे आहेत. लांबचा विचार करणाऱ्या भागधारकाने ही तारीख वहीत टिपावी.

तक्त्यातली एक ओळ बहुतेक जण ओलांडून जातात: तयार व अर्धवट मालाच्या साठ्यातला बदल. ही खर्चाच्या रकान्यात असते. आकडा कंसात, म्हणजे ऋण असेल तर साठा वाढला. अधिक असेल तर जुना साठा विकला गेला. कमाई चांगली, पण सलग दोन तिमाह्या साठा वाढतोय, असं दिसलं तर समजा, माल गोदामात अडकलाय. तो हलवायला पुढे भावात सूट निघणार. शेडवाल्याने अशा वेळी पत्र्याची घाई करू नये.

कर्ज दर तिमाहीच्या तक्त्यात शोधू नका. ताळेबंद सप्टेंबर आणि मार्च असा वर्षातून दोनदाच द्यावा लागतो. मधल्या तिमाहीत निव्वळ कर्जाचा आकडा सादरीकरणात सापडतो.

चीनचा पत्रा मकरपुऱ्यात केवढ्याला पडेल

२०२४ मध्ये जगात सुमारे १८८ कोटी टन कच्चं पोलाद झालं. त्यातलं १०० कोटी टन एकट्या चीनचं, भारताचं १५ कोटींच्या घरात. चीनमधलं घरबांधणीचं काम आटल्यावर तिथला माल बाहेर पडू लागला आणि त्या वर्षी चीनची निर्यात ११ कोटी टनांवर गेली. आपली एकूण आयात २०२४-२५ या आर्थिक वर्षात सुमारे ९५ लाख टन होती. चीनच्या निर्यातीपुढे हा शिंतोडाच, तरी आपल्या बाजारातला भाव दाबायला पुरेसा. आयात प्रत्यक्ष किती येते यापेक्षा ती केवढ्याला येऊ शकते, यावर इथला भाव ठरतो.

म्हणून पडता भाव, म्हणजे आयातीचा माल सगळे खर्च धरून शेडमध्ये केवढ्याला पडेल तो, स्वतः काढायला शिका. उदाहरणादाखल एचआर कॉइल (गरम लाटलेल्या पत्र्याची गुंडाळी) बंदरपोच ५०० डॉलर आणि डॉलर ८६ रुपये धरू. झाले ४३,०००. मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के, म्हणजे ३,२२५. त्यावर १० टक्के अधिभार, ३२२. संरक्षक शुल्क पहिल्या वर्षाच्या दराने १२ टक्के, ५,१६०. बंदराचा खर्च आणि शेडपर्यंतचं भाडं २,५०० धरलं तर बेरीज ५४,२०० च्या आसपास. जीएसटी दोन्हीकडे सोडून द्या, तो वळता होतो.

संरक्षक शुल्क २१ एप्रिल २०२५ पासून आधी २०० दिवसांसाठी लागलं. नंतर ते तीन वर्षांचं झालं, १२, ११.५ आणि ११ टक्के असं उतरतं. एचआर कॉइल बंदरपोच ६७५ डॉलर किंवा त्याहून महाग असेल तर ते लागत नाही. कोरिया आणि जपानशी व्यापार करार असल्याने तिथल्या पत्र्यावर मूळ सीमाशुल्क नाही, पण संरक्षक शुल्क आहे. वरच्याच भावाचा कोरियन माल ५०,७०० च्या आत-बाहेर बसेल. नुसता चीनचा हिशेब मांडून थांबणारा इथे फसतो.

आता इथल्या वितरकाच्या भावाशी ताडा. वर्तमानपत्रात किंवा व्हॉट्सअॅपवर फिरणारा भाव बहुधा मुंबई पोच, जीएसटी वगळून आणि मूळ जाडीचा असतो. तुमच्या जाडीचा आणि ग्रेडचा जादा आकार त्यात धरावा लागतो. देशी भाव पडत्या भावापेक्षा तीन-चार हजारांनी वर असेल तर तो फार काळ टिकत नाही. गरजेपुरता माल उचला. देशी भाव खाली असेल आणि कोळसा चढत असेल तर महिना-दीड महिन्याचा पत्रा भरून ठेवायला हरकत नाही. मात्र आयातीचा सौदा ठरल्यापासून माल बंदरात लागायला सहा ते दहा आठवडे जातात, त्यामुळे फरक दिसला म्हणून भाव दुसऱ्या दिवशी खाली येत नाही. शिवाय भारतीय मानक ब्यूरोचा परवाना नसलेल्या परदेशी कारखान्याचा नियंत्रित ग्रेडचा माल आतच येत नाही. कागदावर स्वस्त दिसलेला प्रत्येक पत्रा मिळेलच असं धरू नका.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ‘पोलाद कारखान्यांनी भाव १,००० रुपयांनी वाढवले’ अशी बातमी येते. ती यादीतल्या भावाची. महिनाअखेरीला सूट देऊन त्यातले काही परत केले जातात, कधी सगळेच. निकालात दिसतो तो सूट जाऊन हातात पडलेला भाव, म्हणून बातम्यांची बेरीज आणि टनामागची प्राप्ती कधीच जुळत नाही.

अमेरिकेने जून २०२५ मध्ये पोलादावरचं शुल्क २५ वरून ५० टक्के केलं. भारतातून तिकडे थेट जाणारं पोलाद थोडंच, तेव्हा त्याचा फटका फिरून येतो: अमेरिकेत न खपलेला दुसऱ्या देशांचा माल आशियात दर पाडतो. युरोपचं प्रकरण जास्त जवळचं, कारण आपला पत्रा तिकडे खरोखर जातो. तिथली सीमेवरची कार्बन आकारणी १ जानेवारी २०२६ पासून लागू झाली. झोतभट्टीचं पोलाद टनामागे दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्यामुळे निर्यातीचा वाटा मोठा असलेल्या कंपनीच्या सादरीकरणात यापुढे हा खर्च शोधा.

वहीत दर तिमाहीला सहा रकाने पुरतात: विक्रीचे टन, टनामागची प्राप्ती, टनामागचा एबिट्डा, साठ्यातला बदल, कोळशाबद्दल दिलेला अंदाज आणि त्या दिवशीचा पडता भाव. आठ तिमाह्या भरल्या की कंपनी कोणत्या भावाला हसते आणि कोणत्या भावाला कण्हते, ते ओळींवरूनच दिसू लागतं.

ट्रान्सफॉर्मरवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी. यातलं सगळं टाकीच्या पत्र्याला लागू, कोअरच्या सीआरजीओला (कोअरसाठी लागणाऱ्या खास विद्युत पोलादाच्या पत्र्याला) नाही. तो देशात फार थोडा बनतो, बराचसा बाहेरून येतो, आणि त्याचा भाव एचआर कॉइलमागे चालत नाही. टाकीचा पत्रा स्वस्त झाला म्हणून संपूर्ण ट्रान्सफॉर्मरचा दर उतरवून टेंडर भरू नका. कोअरचा दर पुरवठादाराकडून वेगळा लेखी घ्या आणि तो किती दिवस कायम राहील, तेही त्यावर लिहून घ्या.