वामकुक्षी कशी घ्यावी

फोंड्यातलं आमचं दुकान दुपारी १ ला बंद होतं, ३:३० ला उघडतं. मधली झोप माझ्या जिवाची.

भात-हुमण (माशांची आमटी) नि तळलेला बांगडा जेवून लगेच आडवं होऊ नका. जरा सोप्यावर बसा. मग गादी नको, गार लादीवर चटई अंथरा. डाव्या कुशीवर वळा. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. नावातच रीत आहे, आणि जळजळही कमी होते. गजर २० मिनिटांचा लावा. तासभर लांबली की गाढ झोपेतून उठावं लागतं, डोकं जड होतं. उशिरा, म्हणजे ४ नंतर, झोपूच नका; रात्रीची झोप बिघडते.

पावसाळ्यात कौलांवर सरी वाजत असतात, तेव्हा पंखाही बंद करा. तो आवाज ऐकतच डोळा लागू द्या.