तप्त वायू निवण्याचा काळ कसा काढावा
खानापूर किंवा निपाणीच्या मराठी शाळेतील विज्ञान मंडळाने हिवाळ्यात ययाती तारकासमूह पाहावा आणि त्याच दिशेला सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षांवर असलेल्या दीर्घिकासमूहातील (अनेक दीर्घिकांच्या समूहातील) तप्त वायू निवायला किती काळ लागेल याचा हिशेब वहीत जरूर मांडावा. वायूच्या तापमानाला १० कोटी केल्विनने भागून वर्गमूळ काढावे, त्याला ८५०० कोटी वर्षांनी गुणावे आणि दर लिटरमधील प्रोटॉनसंख्येने भागावे. समूहाच्या गाभ्यासाठी सुमारे ३.५ कोटी केल्विन आणि ५० प्रोटॉन घेतल्यास उत्तर जेमतेम १०० कोटी वर्षे येते. घनता काळजीपूर्वक घ्यावी, कारण क्ष-किरणांतून ऊर्जा निघून जाण्याचा वेग घनतेच्या वर्गाप्रमाणे वाढतो. समूह याहून जुना असूनही वायू निवलेला नाही. म्हणजे त्याला कुठून तरी ऊब मिळत असावी. म्हणून चंद्रा या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीच्या चित्रांत, मध्यवर्ती कृष्णविवराच्या झोतांनी वायूत फुगवलेल्या पोकळ्या शोधाव्यात, कारण ही ऊब बहुतांशी तेथूनच मिळते.