‘मला गायचं नाहीये’ : घरच्यांच्या मनाविरुद्ध जाणाऱ्या मुलाची गोष्ट लिहिताना

आवडीच्या गोष्टीसाठी घरच्यांशी भांडणाऱ्या मुलाची गोष्ट लिहायला घेतली की बहुतेकांच्या हातून आधी एक खलनायक तयार होतो. मुलांच्या कथांचं संपादन करताना मला हे बाबा आता तोंडपाठ झालेत. पहिल्या पानावर ओरडतात, मधल्या पानावर चित्रांची वही फाडतात आणि शेवटच्या पानावर बक्षीस समारंभात डोळे पुसतात. म्हणून माझा आग्रह असतो की लिहायला सुरुवात मुलापासून करूच नका. आधी घरच्यांची बाजू लिहून काढा.

एका कोऱ्या कागदावर आई किंवा बाबांचे आक्षेप लिहा, अगदी त्यांच्या तोंडच्या भाषेत. १८३१ मध्ये बीगल जहाजावर जायचं आमंत्रण आलं, तेव्हा चार्ल्स डार्विनच्या वडिलांनी नकार दिला. डार्विनने त्यांचे आठ आक्षेप यादी करून मामाला कळवले. पुढे धर्मोपदेशक व्हायचं तर हे शोभणार नाही, बेत वेडगळ आहे, दुसऱ्या कुणी नाकारलं म्हणूनच तुला विचारलं असणार, आल्यावर तू कधी स्थिर होणार नाहीस, असे. वाचताना वडील दुष्ट वाटत नाहीत, काळजीत पडलेले वाटतात. मामाने एकेका आक्षेपाला उत्तर दिलं, वडील राजी झाले आणि प्रवासाचा खर्चही त्यांनीच उचलला. तुमच्या यादीतला निदान एक आक्षेप असा हवा, की तो वाचून तुम्हालाच वाटावं, ‘हं, हे खरंय.’ तसा एकही सापडत नसेल तर कथा अजून तयार नाही, थांबा.

मग मुलाकडे या. ‘तिला विज्ञानाची आवड होती’ हे वाक्य खोडा. आवड हाताने करायच्या कामात दिसू द्या. मी शिकवताना एक उदाहरण घेते. घर गवयांचं, मुलीचा गळा गोड. सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय की ही गाणार. तिचा जीव मात्र पेटीच्या आत काय चाललंय त्यात. आई रियाजाला बसली की मुलगी सुरांकडे कमी आणि भात्याकडे जास्त बघते. गळा वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती, म्हणूनच तो चांगला ठेवायचा. जे जमतं ते नको आणि जे नीटसं जमत नाही तेच हवं, हे दुखणं आठ वर्षांच्या वाचकाला आपल्याला वाटतं त्यापेक्षा चांगलं कळतं.

आता एक प्रसंग अगदी जवळून लिहा. पेटीची एक पट्टी मुकी झालीय. दुपारी घर झोपलेलं असताना मुलगी झाकण काढते. पितळी रीडखाली, म्हणजे हवेने थरथरून सूर देणाऱ्या पातळ पातीखाली, बारीकसा कचरा अडकलाय. ती पातळ कागदाची पट्टी अलगद आत सरकवते, ओढून काढते, भाता हलवते. सूर येतो, पण किंचित उतरलेला. रीडचं टोक जरासं खरवडलं की सूर चढतो आणि बुडाशी खरवडलं की उतरतो. ती टोकाकडे हात नेते आणि थांबते, कारण जास्त खरवडलं गेलं तर परत भरून निघत नाही. इतपत माहिती तुम्हाला असायलाच हवी. नसेल तर ते काम करणाऱ्या माणसाशेजारी जाऊन बसा. मुलं खोटा तपशील लगेच पकडतात, मोठी माणसं सभ्यपणाने सोडून देतात.

या प्रसंगात आणखी एक गोष्ट आपोआप घडते, आणि माझ्या मते अख्ख्या कथेचा जीव तिच्यातच आहे. सूर उतरलाय हे मुलीला कळलं कशावरून? लहानपणापासून कानावर पडलेल्या रियाजावरून. म्हणजे ज्या घरापासून ती सुटू बघतेय, त्याच घराने दिलेला कान तिला उपयोगी पडतो. तुमच्या कथेतल्या मुलाला घरून काय मिळालंय ते शोधा आणि त्याच्या आवडीच्या कामात ते वापरा. ते कुणाच्या तोंडून वदवून घेऊ नका. ‘आई, हा कान तूच दिलास’ असलं वाक्य आलं की कथा बसलीच म्हणून समजा.

चोरून करण्याचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. आई-वडिलांशी लपवाछपवी दाखवावी का? दाखवावी, पण तिची किंमतही दाखवावी. सोफी जर्मेन ही फ्रेंच गणितज्ञ, जन्म १७७६ चा. रात्री तिने गणित करू नये म्हणून घरच्यांनी मेणबत्त्या, शेकोटी आणि उबदार कपडेसुद्धा काढून घेतले, असं तिच्या चरित्रात सांगतात. तरी ती लपवलेल्या मेणबत्त्यांवर, पांघरुणं गुंडाळून अभ्यास करायची. सकाळी दौतीतली शाई गोठलेली सापडे. ‘ती फार जिद्दी होती’ हे वाक्य त्या शाईपुढे फिकं आहे. आणि नंतर याच वडिलांनी तिला आयुष्यभर पैशाचा आधार दिला.

मदत करणारा मोठा माणूस जपून वापरा. डार्विनला मामा भेटला, पण डार्विन तेव्हा बावीस वर्षांचा होता. मुलांच्या कथेत मामा, आजी, बाई येऊन सगळं समजावून गेले की मुलाला काही करायला उरत नाही. मोठ्या माणसाने फार तर कचरा काढायला चिमटा उसना द्यावा. आईच्या यादीतल्या एका आक्षेपाला, एकाच, मुलाने कृतीने उत्तर द्यावं. बाकीचे तसेच राहू देत.

शेवटाला स्पर्धा, ढाल, टाळ्या नकोत. आमच्या मुलीच्या कथेत आई दुसऱ्या दिवशी रियाजाला बसते, ती पट्टी दाबते आणि क्षणभर थांबते.

‘कुणी उघडली होती पेटी?’

‘मी.’

‘अजून जरा उतरलाय.’

‘माहितीये. टोक खरवडायला भीती वाटली.’

‘आधी रियाज. मग बघू.’

परवानगी एवढीच. गाणं सुटलेलं नाही, पेटी मात्र परत उघडायला मिळणार आहे.

लांबीबद्दल थोडक्यात सांगते. सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी हजार शब्दांच्या आत राहा, आणि आईचे आक्षेप दोनच ठेवा. मोठ्या मुलांना सगळी यादी झेपते.

कच्चा खर्डा झाला की एखाद्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवा आणि ‘आवडली का?’ असं विचारू नका, सगळी हो म्हणतात. ‘आईचं बरोबर होतं का?’ असं विचारा. फट्‌कन ‘नाही’ आलं तर पहिल्या कागदाकडे परत जा. मूल विचारात पडलं, किंवा शेजारच्या मुलाशी वाद घालू लागलं, तर खर्डा पक्का करायला घ्या.