एअर पिस्तुलाला दस्ता लावताय? या चुका टाळा

क्रॉसमन १३७७ हे अमेरिकन बनावटीचं, हातपंपाने हवा भरायचं ४.५ मिमीचं पिस्तूल. मुठीवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढून कंपनीचाच १३९९ हा दस्ता बसवला की खांद्याला टेकवायची छोटी कार्बाइन तयार. काम सोपं आहे, पण अपेक्षा भलत्याच असतात. दस्त्याने छर्‍याचा वेग तसूभरही वाढत नाही. हात स्थिर होतो, एवढंच.

पिस्तुलात छर्रा किंवा हवा असताना स्क्रूला हात लावू नका. दस्त्यासाठी फक्त पट्ट्या काढायच्या असतात. उत्साहाच्या भरात ट्रिगरची चौकट सोडवली, तर सेफ्टीची बारीकशी गोळी आणि स्प्रिंग हरवू शकते, मग बसा फरशीवर शोधत.

दस्ता डुलत असेल तर स्क्रू आणखी आवळण्याचा मोह होतो. प्लास्टिक तडकतं किंवा आटे जातात. त्यापेक्षा मुठीच्या चौकटीवर टेपचा एखादा थर द्या आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू थोडे थोडे आवळत या.

सगळ्यात जास्त तक्रार नेमाची. पिस्तूल हात लांब करून धरतात, म्हणून मागची खाच डोळ्यापासून दूर असते. दस्ता लावला की ती नाकासमोर येते आणि धूसर दिसते. चष्मा बदलायची घाई नको! १३७७ ची मागची साइट उलटवली की खाचेऐवजी बारीक भोक मिळतं. त्यातून बघायचं आणि नजर पुढच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर ठेवायची. नंतर नेम नव्याने जुळवावा लागतो, आणि तोही दर वेळी तितकेच पंप मारून. ३ पंपांचा छर्रा आणि १० पंपांचा छर्रा एकाच जागी लागत नाहीत. १० च्या पुढे तर जाऊच नका, त्याने व्हॉल्व्हवर ताण येतो.

कायद्याचंही बघून घ्या. अमेरिकेच्या संघीय कायद्यात एअरगन 'फायरआर्म' नाही, त्यामुळे दस्ता लावल्याने ती आखूड नळीची रायफल ठरत नाही. बारुदावर चालणाऱ्या पिस्तुलाला मात्र हा प्रयोग करू नका, तो थेट गुन्हा ठरू शकतो. राज्यांचे नियमही वेगळे असतात. न्यू जर्सीत एअरगनही फायरआर्म मानली जाते. तिथे मराठी मंडळी भरपूर आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दुर्बीण लावायची असेल तर नळीला चिमटा आवळून काम भागवू नका. तो सरकतो आणि नेम रोज बदलतो. ब्रीच म्हणजे नळीमागचा, छर्रा भरायचा भाग. प्लास्टिकच्या ब्रीचऐवजी दुर्बीण बसवायच्या खाचा असलेली स्टीलची ब्रीच बसवा. ती बसवताना व्हॉल्व्ह आणि नळी यांच्यामधलं छोटं सील जुन्या ब्रीचलाच चिकटून राहिलं नाही ना, हे आधी बघा. पंप पूर्ण मारूनही छर्रा ढिला जात असेल आणि ब्रीचखालून हवा फुसफुसत असेल, तर बहुतेक ते सील राहून गेलेलं असतं.