मॉडेल रेल्वेचे रूळ साफ करताना या चुका टाळा

मोठ्या मांडणीवर रुळांतून वीज घेणारे इंजिन अडखळू लागले की सगळा दोष रुळांवरच्या मळाला देऊन हाताशी असेल तो पॉलिश पेपर घासायला घेतला जातो, आणि दुरुस्तीपेक्षा नुकसानच अधिक होते. एचओ प्रमाणातील (१:८७) रूळ बहुधा निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचे असतात. त्यांवर पॉलिश पेपरने उठलेल्या बारीक चरांत मळ पूर्वीपेक्षा घट्ट बसतो. तारेची घासणी तर खोलीतही आणू नये, कारण तिचे सुटलेले तुकडे मोटरच्या चुंबकाकडे ओढले जाऊन आत शॉर्ट सर्किट करतात.

प्रथम व्हॅक्यूम क्लीनरने धूळ काढावी. मग वीजपुरवठा बंद करून, खिडक्या उघड्या ठेवून, सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे मोजके थेंब घ्यावेत, रूळ पुसावेत आणि लगेच कोऱ्या फडक्याने कोरडे करावेत.

एवढे करूनही दोन दिवसांत रूळ काळे पडत असतील, तर दोष चाकांत शोधावा. डब्यांच्या प्लास्टिकच्या चाकांवर साचलेला काळा थर गाडी फिरेल तिथे पसरतो. धातूची चाके बसवणे हा त्यावरचा कायमचा उपाय आहे. इंजिनाची चाके साफ करण्यासाठी रुळांवर अल्कोहोलने ओलसर केलेला टिश्यू पेपर आडवा ठेवावा, इंजिनाची एक बोगी (खालची चाकांची चौकट) त्यावर आणि दुसरी उघड्या रुळांवर टेकवावी आणि इंजिन हाताने धरून संथ चालवावे. कागदावर दोन काळ्या रेघा उमटतात. त्या फिकट होईपर्यंत कागदाची जागा बदलत राहावी.

हॅम्बुर्गच्या मिनिएचर वुंडरलांड या भव्य मॉडेल रेल्वे प्रदर्शनातील १५ किलोमीटरहून अधिक रुळांची गोष्ट सोडा, पण खोलीभर मांडणीतही हात न पोहोचणारे बोगदे असतातच. तिथे पोटाखाली हार्डबोर्डचा खरखरीत तुकडा सैल बसवलेला डबा गाडीला जोडून नियमित फिरवावा.

इंजिने नेमकी एकाच जागी थांबत असतील, तर मात्र फडके बाजूला ठेवून मल्टिमीटर हाती घ्यावा. गाडी चालू असताना त्या जागी व्होल्टेज पडत असेल, तर बहुधा रूळजोड (रुळांचे दोन तुकडे जोडणारी धातूची पट्टी) सैल झालेला असतो किंवा गंजलेला असतो. वीज वाहून नेण्याचे काम रूळजोडांवर सोपवणे ही मुळातली चूक आहे. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार सोल्डर करावी. पॉइंटवर, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणाऱ्या सांध्यावर, गाडी अडत असेल, तर सरकणारी पाती शेजारच्या रुळाला जिथे टेकते ती आतली बाजूही तपासावी, कारण वरून पुसणारे फडके तिथपर्यंत पोहोचत नाही.