उन्हाळी पाळणाघराची फी: आखाजीआधीची (अक्षय्य तृतीयेआधीची) तयारी

फीचा कागद मार्च संपायच्या आत तयार हवा. एप्रिल उजाडला की जळगाव-भुसावळकडे आया चौकशीला यायला लागतात, आणि ओळखीच्या बाईला दारात उभ्याउभ्या सांगितलेला आकडा हमखास आपल्याच अंगावर येतो. "काकू, तुम्ही तर घरच्याच" म्हटलं की दोनशे रुपये तिथेच सुटले.

आकडा नंतर, आधी मुलं मोजा. मेमध्ये पाळणाघराची सगळी पोरंच बदलतात. शिक्षिकांची लहानगी घरी राहतात, कारण आईलाच सुटी. त्यांच्या जागी सहा ते दहा वर्षांची शाळकरी पोरं येतात. आई बँकेत, दवाखान्यात नाहीतर रेल्वेत. बाळाला हात जास्त लागतात, मोठ्याला खाणं आणि करमणूक. माझ्या मते सांभाळण्याचा दर दोघांना एकच ठेवावा आणि खाण्याचे पैसे वेगळे लावावेत. शिक्षिकांना जूनमध्ये जागा हवीच असेल तर मेची निम्मी फी मागायला हरकत नाही. पण ती जागा दुसऱ्या मुलाने भरली तर मागू नका. एकाच गादीचे दोनदा पैसे घेतल्याची बातमी कॉलनीत संध्याकाळपर्यंत फिरते.

मग लाईटबिल. गेल्या वर्षीचं फेब्रुवारीचं आणि मेचं बिल शेजारी-शेजारी ठेवा. २०० वॅटचे दोन कूलर रोज नऊ तास चालले तर २६ दिवसांत ९० च्या वर युनिट होतात. घरचा वापर २५० असेल तर यातले बरेच युनिट ३०० ची रेघ ओलांडतात आणि त्यांना महावितरणचा पुढचा, चढा दर लागतो. म्हणून सरासरी दराने हिशेब करू नका, वरच्या दराने करा. एसी लावणार असाल तर दीड टनी यंत्र भर उन्हात तासाला सव्वा-दीड युनिट खातं, त्याची फी वेगळीच बसेल. कूलरच्या नव्या ताट्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी आणि नळ रोज येत नसेल तर टँकर, हेही त्याच कागदावर लिहा.

आता भागाकार. समजा महिन्याला मदतीच्या मावशीचे ६,०००, लाईट-पाण्याचे जादा २,५०० आणि खेळ-रंग-किरकोळ १,५००, असे १०,००० झाले. गाद्या दहा असल्या तरी आठनेच भागा, कारण दहाच्या दहा कधीच भरत नाहीत. म्हणजे नेहमीच्या फीवर मुलामागे १,००० नाही, १,२५० चढतात. आणि ही फी आठवड्याच्या हिशेबाने सांगा. परीक्षा एप्रिलअखेरीपर्यंत लांबतात, शाळा जूनच्या मध्यावर उघडते. महिन्याची फी ठेवली की दोन्ही टोकांना अर्ध्या महिन्याची घासाघीस ठरलेली.

अर्ध्या दिवसाचा दर आपल्याकडे नीट विचार करून ठेवावा. अर्धा दिवस एकला संपतो, पण पारा ४४ वर असताना लेकराला गाडीवर पुढे बसवून कोण निघेल? आई फोन करते, "ऊन उतरलं की येते," आणि अर्ध्या फीत पूर्ण दिवस जातो. त्यापेक्षा सकाळी आठ ते बारा आणि आठ ते सहा असे दोनच प्रकार ठेवा. साडेबारानंतर थांबलेलं मूल पूर्ण दिवसाचं. रेल्वेतल्या आयांकडून आठवड्याच्या ड्युट्या आधीच लिहून घ्या. रात्रपाळी करून आलेली आई मूल केव्हा नेणार, हे तेव्हाच कळतं.

डब्याचंही ठरवा. सकाळी सातला भरलेली वरणाची डबी या उन्हात बारापर्यंत आंबते. झाकण उघडलं की वर फेस आणि वास. डबा घरून आणायचा असेल तर पोळी-चटणी, धपाटे असं कोरडंच, नाहीतर आल्याआल्या फ्रिजमध्ये. जेवण आपण देणार असू तर ताक, पन्हं आणि रसाचे दिवसही धरून दर काढा. आंब्याचा भाव उतरायची वाट बघत बसलात तर मे निम्मा सरतो.

सगळ्यात जास्त वाद आखाजीवरून होतात. आखाजी म्हणजे खान्देशात सासुरवाशिणींची हक्काची माहेरची वारी: झोके, गौराईची गाणी, सांजोऱ्या, रसासोबत खापरावरची पुरणपोळी. आया पोरांना घेऊन शिरपूर-अमळनेरकडे आठ-दहा दिवस जातात आणि परतल्यावर म्हणतात, "तेवढे दिवस कापा." सण तारखेने पक्का नसतो, २०२४ मध्ये १० मेला होता, २०२५ मध्ये ३० एप्रिलला, त्यामुळे आधी पंचांग बघून कागदावर तारखाच लिहा. माझा नियम असा: सलग पाच दिवसांच्या वरच्या गैरहजेरीला खाण्याचे पैसे परत, सांभाळण्याचे नाहीत. मावशीला तर महिना भरूनच द्यावा लागतो. तिलाही माहेर आहे, तेव्हा पाळणाघर कोणते दिवस बंद राहील ते त्याच कागदात टाका आणि त्या दिवसांची फी घेऊ नका.

उशिराचा दंड सोपा ठेवा, पहिली पंधरा मिनिटं माफ. भावंडांना सूट सांभाळण्याच्या फीवर द्या, खाण्यावर नाही. दोन आठवड्यांची आगाऊ रक्कम आल्याशिवाय वहीत नाव चढवू नका.

राहिली घरची माणसं. जावेची पोरं, शेजारणीचा नातू, भाच्याची मुलगी, यांचं काय ते घरात बसून आधी ठरवा आणि कागदाची एक प्रत सासूबाईंच्या हातात द्या. "पाठव गं, पैशांचं बघू मागून" हे वाक्य बहुतेक त्यांच्याच तोंडून जातं.